अंगारराणी की डोंगरदैत्य

सूरजने दोन कार्डं आईच्या ताटाशेजारी मांडली आणि यातलं एक निवड म्हणाला.

हरणाबाईने भाकरी मोडता मोडता पाहिलं. सूरजच्या कार्डांच्या खेळाचा नवा संच गेल्याच आठवड्यात बाजारात आला होता. एकशे ऐंशी कार्डांतली ही दोन नायकांची कार्डं सगळ्यांत गाजलेली: अंगारराणी आणि डोंगरदैत्य. पण खेळणाऱ्याने आपल्या चाळीस कार्डांत नायक एकच घ्यायचा, असा नियम. उद्या सांगलीत स्पर्धा होती. जिंकणाऱ्याला पुण्याच्या संघात जागा. त्यासाठीच सूरजने कुपवाडच्या कारखान्यातलं लेथवरचं काम सोडलं होतं. हरला, तर इथं म्हसवडला घरी येऊन मेंढरांमागं जायचं, असं त्याने वडिलांपाशी, ज्ञानूपाशी, कबूल केलं होतं.

चार दिवस त्याने मोबाईलवर जाणकारांचे सल्ले वाचले. निम्मे राणीच्या बाजूने, निम्मे दैत्याच्या. आईने हा खेळ कधी पाहिला नव्हता, पण तिला पारख होती. मेंढ्यांच्या बाजारात तीन गावची माणसं जनावर निवडायला तिला हाक मारत.

राणी कधी कामाला लागते, असं तिने विचारलं. दुसऱ्या फेरीपासून, सूरज म्हणाला, दर फेरीला समोरचं एक कार्ड जाळते. दैत्य सहाव्या फेरीला उठतो, पण त्याच्या एका फटक्यात डाव संपतो.

हरणाबाईने हात पुसून दैत्याचं कार्ड उचललं. लांब धरलं, जवळ धरलं.

“छाती बघ. पाय बघ. ह्योच घे,” ती म्हणाली. “राणी हाडानं बारीक हाय. टिकायची न्हाई.”

ज्ञानूने मान डोलावली. तिने बोट ठेवलेलं जनावर आजवर वाया गेलं नव्हतं.

सांगलीत पहिला सामना सूरजने कसाबसा काढला. दुसऱ्यात समोर मिरजेची सृष्टी, फार्मसीला शिकणारी. तिच्याकडे राणी होती. चौथ्या फेरीला सूरजचं मांडलेलं एकच कार्ड उरलं, पाचव्या फेरीला तेही जळालं आणि डाव संपला. दैत्य हातातच राहिला. हा का घेतलास, असं सृष्टीने विचारलं. घरच्यांनी पसंत केला, सूरज म्हणाला. तिने जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि आपली कार्डं गोळा केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हसवडला उतरला. ज्ञानूने काठी पुढं केली.

हरणाबाई कोकराच्या खुरातला काटा काढत होती. सूरज तिच्याजवळ टेकला. तिला वाईट वाटू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

“आई, तू मनाला लावून घिऊ नगंस. एखांद्या टायमाला पारख चुकती.”

हरणाबाईने काटा उपटला, कोकरू सोडून दिलं.

“चुकंल कशी? पाच फेऱ्या बसून खानारं जनावर कोन घेतं रं?”