पुलापासून पुढे

नकाशांच्या दुकानात नदीबद्दल सहसा कोणी विचारत नाही. त्यामुळे त्या बाईंनी विचारलं तेव्हा मी भलताच खुललो. पुलापासून पुढची निळी रेघ बोटाने दाखवत निघालो.

"या वळणावर धार मंदावते. सोबत आणलेलं सगळं ती आतल्या काठाला टाकून देते."

"तिथे बघितलं."

"मग बंधारा. वाहून आलेलं त्याच्या दारांशी अडकतं."

"तिथेही बघितलं."

"बऱ्याच फिरलेल्या दिसताय! मग राहिलं काय? खाडी आणि समुद्र. संपली नदी."

त्यांनी पिशवीतून चिखल वाळलेली एक चिमुकली चप्पल काढून काउंटरवर ठेवली.

"वळणावर एवढंच सापडलं. दादा, समुद्राचा नकाशा आहे का तुमच्याकडे?"