वरची ओळ

निळी फ्लॉपी. तिच्यावर पेनाने लिहिलेलं: पत्र.

जूनमध्ये पारोळ्याकडच्या एका गावात एक म्हातारी अर्धा दिवस रडली. नंतर कुणीतरी पत्र वाचून दाखवलं. त्यात एवढंच होतं, की मुलाने नवी चादर घेतली.

तापीचा पूर ओसरला. भिंतींवर चिखलाची रेघ राहिली.

मृत्यूच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. लिहून झालं की ते पुन्हा वाचतही नाहीत.

"ताई, मेनू नको," लखन म्हणाला. "कोरं पान घ्या."

गायत्रीचा हात माउसवर थांबला.

डिंडोलीतल्या त्या एका खोलीच्या दुकानात ती गाव सोडून कापडाच्या लूमवर कामाला आलेल्यांची पत्रं टाइप करून द्यायची. वर्षभरापूर्वी तिच्या दिराने, योगेंद्रने, त्या निळ्या फ्लॉपीवरून वर्डला एक अ‍ॅड-इन, म्हणजे जादा सोय, जोडून दिलं होतं. मुळात नसलेला एक मेनू वरच्या पट्टीत आला: 'पत्र'. तो दाबला की श्री, मुक्काम, तारीख, तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार, इकडे सर्व खुशाल, असं सगळं आपोआप पानावर उतरायचं. माणसाने फक्त मधलं सांगायचं. मधलंही बहुतेक सारखंच असायचं. तुझी खुशाली आता मशीनच ठरवतं, असं म्हणून लखन आपल्या खोलीतल्या चिंधाला चिडवायचा. चिंधा म्हणायचा, ठरवू दे, निदान ते विसरत तरी नाही. योगेंद्र अधूनमधून येऊन त्यात आणखी एखादी सोय बसवून जायचा. गायत्री मेनूच वापरायची. बाकीचं तिच्या लक्षातही राहिलं नाही.

तो चिंधा आता गेला होता. पुराच्या आठवड्यात ताप आला, चौथ्या दिवशी संपला. गाड्या बंद, फोन बंद, तारा बंद. देह ठेवता येईना. लखननेच अग्नी दिला. आता गावी आई भागीरथीबाईला कळायला हवं होतं, आणि दहाव्याच्या आत कळायला हवं होतं. पिंडाला घरचं माणूस पाहिजे.

गायत्रीने कोरं पान उघडलं. श्री नाही. खुशाली नाही. पाच ओळी. पडदा तिने दोनदा पाहिला. वर काही नव्हतं.

एरवी ती छापलेलं पत्र मोठ्याने वाचून दाखवायची आणि मगच पाकिटात घालायची. आज कागद बाहेर येताना तिने मान वळवली. लखननेही वळवली. तिने कागद तसाच दुमडला, दुकानाचा पत्ता छापलेल्या पाकिटात घातला, आणि उठून हात धुतले.

दहाव्या दिवशी लखन नदीकाठी दुपारपर्यंत थांबला. गावाकडून कुणी आलं नाही. त्याने पिंड ठेवला. म्हातारीच्यानं एवढा प्रवास झाला नसेल, तिकडेच केलं असेल, असं तो गायत्रीला सांगून गेला.

दसऱ्यानंतर आठवड्याने एक बाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी, पिशवीत कळण्याच्या भाकरी आणि लसणाची चटणी. दुसऱ्या हातात पाकीट. ते दाखवत, विचारत ती उधना स्टेशनापासून चालत आली होती. मुलाच्या गावचा एवढाच पत्ता तिच्याकडे होता.

ती भागीरथीबाई होती. पाणी पिऊन तिने सगळं सांगितलं. पुरामुळे रखडलेलं पत्र नवरात्रात आलं. पोस्टमन वाचू का म्हणाला. तिने उघडून वरची ओळ पाहिली आणि नको म्हणाली. अक्षर येत नसलं तरी श्री तिला ओळखता येतो. श्री आहे म्हणजे पोरगा बरा आहे. तिने पत्राला हळदीकुंकू लावलं आणि घटाजवळ ठेवलं. लेक दसऱ्याला येईल तेव्हा वाचेल, असं ठरवलं. लेकीला येता आलं नाही. चिंधाही आला नाही, म्हणून मग तीच भाकरी घेऊन निघाली.

"चिंधानं पत्र से, माय," ती म्हणाली. "वाच बरं. काय म्हणस तो?"

गायत्रीने घडी उघडली. पाच ओळी तिच्याच होत्या. त्यांच्या वर, मधोमध, जाड अक्षरांत श्री होता. त्याच्यावर हळदीचं बोट. तिने तो टाइप केला नव्हता.

मेनूतलं सगळं तिला पाठ होतं. इकडे सर्व खुशाल. एवढं म्हटलं असतं तर म्हातारी निदान भाकरीची पिशवी उघडून जेवायला बसली असती.

गायत्रीने टेबलावरची लोखंडी पट्टी घेतली. कागदावर आडवी ठेवली. वरची ओळ हळूच फाडून काढली आणि उरलेला कागद भागीरथीबाईच्या हातात दिला.

भागीरथीबाई कागदाकडे बघत राहिली. जिथे श्री होता तिथे कड होती. आधी पिशवी जमिनीवर ठेवली, मग ती स्वतः खाली बसली.

एकही पत्र श्रीशिवाय छापलं जाऊ नये, विसरलं तर अ‍ॅड-इनने छापताना तो स्वतःच घालावा, ही सोय, श्री नसलेलं पत्र पाहून आपली म्हातारी रडली त्या जूनमध्ये, चिंधाने योगेंद्रच्या मागे लागून बसवून घेतली होती.