गळालेले अकरा

“सर, तुम्हाला तुमचंच औषध सुरू करतोय,” वॉर्डातल्या तरुण डॉक्टर म्हणाल्या, आणि प्राध्यापकांचा ताप ऐकूनच अर्धा उतरला.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या जखमेत पू झाला होता. तपासणीत सापडला तो नेमका तोच चिवट जंतू, ज्याच्यावर प्राध्यापकांनी उभी हयात काढली होती. तीनशे बारा शोधनिबंध. त्यातल्या एका निबंधाचा संदर्भ तर चार हजार जणांनी दिलेला. रोज सकाळी दात घासायच्या आधी ते हा आकडा बघत. विद्यार्थी पाठीमागे त्यांना ‘संदर्भसम्राट’ म्हणत. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं.

“इथं नऊ वर्षं आम्ही तुमच्या निबंधावरच चालतोय,” डॉक्टर म्हणाल्या. “जुन्या औषधानं मूत्रपिंडांचे फार हाल होतात. या आठवड्यात तुमचं नवं औषध एका माणसापुरतंच आलंय. ते मी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय.”

“यांनीच शोधलंय हो ते,” प्राध्यापकांच्या पत्नीनं शेजारच्या खाटेला कळवून टाकलं.

शेजारच्या खाटेवर एक शिंपी होता. मशीनची सुई बोटात घुसून त्याचा हात कोपरापर्यंत सुजला होता. जंतू तोच. त्याला जुनं औषध चालू होतं आणि कालपासून ताप उतरणीला लागला होता. तो धडपडत उठून बसला. ज्यांचं औषध, तेच शेजारी झोपलेत, हे त्याला खरंच वाटेना.

नर्सनं बाटली टांगली. नळीतली हवा काढली.

त्या बाटलीकडे बघता बघता प्राध्यापकांना या औषधावरच्या आपल्या त्या गाजलेल्या निबंधातला दुसरा तक्ता आठवला. औषध दिलं होतं चाळीस रुग्णांना. तक्त्यात होते एकोणतीस. मधले अकरा गळाले होते. गळाले म्हणजे प्राध्यापकांनीच गाळले होते, कारण ते काही केल्या बरे होत नव्हते, आणि परिषद तोंडावर आली होती. त्यातले सात पुढे दगावले. नंतर एक खुलासा छापू, असं प्राध्यापकांनी तेव्हा मनाशी पक्कं केलं होतं. मग पुरस्कार आला, मग विभागप्रमुखपद आलं, आणि खुलाशाचं राहूनच गेलं.

नर्सनं त्यांचा हात धरला.

“थांबा!” प्राध्यापक केवढ्यानं तरी ओरडले. “मला ते चालत नाही. ॲलर्जी आहे. जुनंच द्या.”

“पण सर, मूत्रपिंडं...”

“खड्ड्यात गेली मूत्रपिंडं! जुनंच द्या म्हणतो ना!”

“अहो, तुम्हाला कधीपासून ॲलर्जी?” पत्नीनं विचारलं.

“प्रयोगशाळेत झाली होती. तुला बोललो नाही.”

“हे असेच आहेत,” ती डॉक्टरांना कौतुकानं म्हणाली. “शास्त्रापायी काय काय सोसतात, घरी पत्ता लागू देत नाहीत.”

डॉक्टरांनी फाईलवर लाल शाईत ‘ॲलर्जी’ लिहिलं. मग बाटलीकडे बघितलं. “ही वाया कशाला घालवायची?” त्या शेजारच्या खाटेकडे वळल्या. “काका, नशीब काढलंत. तुमचं जुनं औषध आजपासून बंद.”

नर्सनं शिंप्याची जुनी बाटली उतरवून तिथं ही टांगली. नळी शिंप्याच्या चांगल्या हाताला जोडली. पहिला थेंब पडला.

प्राध्यापकांनी तोंड उघडलं. एक वाक्य पुरे होतं. इतकं छोटं वाक्य त्यांनी तीनशे बारा निबंधांत कधी लिहिलं नव्हतं.

शिंप्याचे डोळे भरून आले होते. “साहेब, स्वतःच्या वाटणीचं औषध मला दिलंत,” तो म्हणाला. “हे उपकार मी कसे फेडू?”

सगळा वॉर्ड प्राध्यापकांकडे बघत होता. पत्नी डोळे पुसत होती.

“अहो, राहू द्या हो,” प्राध्यापक म्हणाले. “एवढं काय त्यात.”