टणटणीत

इलिदियाने क्रॅनबेरीची मूठभर फळं घेतली आणि वीतभर उंचीवरून एकेक फळ ओट्यावर सोडायला सुरुवात केली. पहिलं टुणकन उडालं. दुसरंही उडालं. तिसरं पचकन बसलं. ते तिने बोटाने बाजूला सारलं.

खुर्चीवर बसलेल्या मेगनने टॅबवर काहीतरी टिपलं.

मेगन पुनर्वसन केंद्रातून आली होती. पोरगी स्वभावाने बरी वाटत होती. आल्या आल्या ओले बूट दाराबाहेर काढून ठेवले होते तिने. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला रोजचं साधं जेवण एकटीने रांधता येतं का, एवढंच तिला बघायचं होतं. आलं तर इलिदिया वेअरहॅममधल्या आपल्या घरात राहणार. नाही आलं तर वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होती. मुलगी ओन्दिना ती बघूनही आली होती.

इलिदियाने राजमा-भात करायचं ठरवलं होतं. तिची आई केप वर्दे बेटांवरून अमेरिकेत आली तेव्हा सोबत जी रीत घेऊन आली, तसाच राजमा-भात, आणि त्याच्याबरोबर कांदा घालून शिजवलेली क्रॅनबेरी. यात तिच्या हातांना काही विचारावं लागत नव्हतं. बिघडली होती ती जीभ. शब्द मनात तयार असायचा, पण तो तोंडापर्यंत येईतो समोरच्याने विषय बदललेला असायचा. म्हणून डॉक्टरांशी, बँकेत, फोनवर, सगळीकडे ओन्दिनाच बोलायची. इलिदियाने तोंड उघडायचा अवकाश, तिने वाक्य पूर्ण केलेलंच असायचं.

"मिसेस फोन्टेस, फळं हातातून सुटतायत का?" मेगनने मऊ आवाजात विचारलं.

"न... नाही. ती... उ..."

'उडतात' एवढं काही जिभेवर येईना. इलिदियाने ओन्दिनाकडे पाहिलं.

ओन्दिना अंगावर कोट तसाच ठेवून फ्रिजला टेकून उभी होती. तिला काही सांगायची गरज नव्हती. इलिदियाने एकतीस हंगाम फळं निवडण्याच्या शेडमध्ये काढले होते, आणि शाळा सुटल्यावर ओन्दिना तिथेच टेबलाखाली बसून उडालेली फळं झेलायची. टणटणीत फळ उडतं, नासकं बसतं. ओन्दिनाने एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

ओन्दिना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हल्ली होतं असं. कपसुद्धा सुटतो कधीकधी."

इलिदियाची मूठ हवेतच राहिली. कप एकदाच सुटला होता, झटका आला त्या रात्री.

मग तिने उरलेली फळं भराभर सोडली. मुद्दाम, जरा जोरातच. एक फळ उडालं ते थेट मेगनच्या पायाशी गेलं. मेगनने वाकून ते उचललं, ओट्यावर ठेवलं आणि इलिदियाच्या खांद्यावर हळूच थोपटलं. नंतर परत टॅबकडे वळली.

कांदा गुलाबी झाला. त्यात पडलेली फळं फटफट फुटू लागली.

"आई, साखर," ओन्दिना म्हणाली.

इलिदियाने हात वर करून तिला थांबवलं. साल फुटून मऊ व्हायच्या आत साखर पडली तर फळ चामड्यासारखं होतं. हेही त्या घरात कुणाला नव्याने शिकवायचं नव्हतं.

"आई, साखर राहिली गं."

मेगनची बोटं पुन्हा हलली. इलिदियाने मान वळवून वाचलं. वाचता तिला अजून चांगलं येत होतं. 'दोनदा आठवण करून द्यावी लागली.'

तिने डाव पातेल्याच्या काठावर आपटला. "बा... बाहेर," ती ओन्दिनाला म्हणाली.

ओन्दिना जागची हलली नाही. मेगन मात्र उठून उभी राहिली. "दमलात का? आपण इथेच थांबू या का?"

इलिदियाने नकारार्थी मान हलवली. तिने साखर घातली, चिमूटभर मीठ घातलं, चव बघितली. भाताचं शीत दाबून पाहिलं. दोन्ही शेगड्या बंद केल्या, ओटा पुसला.

"वास फार छान सुटलाय," जाताना मेगन म्हणाली. "पण आम्हाला खायची परवानगी नसते." दारात बूट घालताना ती घुटमळली. "एकटीने राहणं सध्या सुरक्षित नाही, असं मला लिहावं लागेल, मिसेस फोन्टेस. वाईट वाटून घेऊ नका."

गाडी गेल्याचा आवाज आला. इलिदिया ओट्याला धरून उभी होती. ती एकेक शब्द गोळा करत होती, आणि या वेळी मध्ये कुणी बोललं नाही.

"तुला... माहीत... होतं."

"हो," ओन्दिना म्हणाली. तिने पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. मग म्हणाली, "अख्खी रात्र तू या फरशीवर पडून होतीस, आई. मी फोन केला, तू उचलला नाहीस. मला वाटलं, झोपली असशील. मीही झोपले. सकाळी आले तेव्हा तुझे ओठ निळे पडले होते. परत एकदा ते दार उघडून आत यायची माझ्यात ताकद नाही."

"मग... खो..."

"मग खोटं बोलले. हो."

इलिदियाने एक बशी वाढून घेतली. भात, राजमा, बाजूला लाल क्रॅनबेरी. टेबलाशी बसून तिने पहिला घास घेतला. अगदी जमून आलं होतं. ते जमून आलं होतं याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

ओन्दिनाने कोट काढला, कपाटातून दुसरी बशी घेतली आणि ती घेऊन पातेल्याजवळ गेली.

इलिदिया उठली. तिने ती बशी ओन्दिनाच्या हातातून काढून घेतली आणि परत कपाटात, रांगेतल्या तिच्या जागी, अलगद ठेवून दिली. बशीचा आवाजसुद्धा झाला नाही.