जिन्याखालचा बाक

केतुरा पिनॉक रविवारच्या प्रार्थनेला सभाघरात आली तेव्हा तिच्या बाकावर सात गोऱ्या बायका बसलेल्या होत्या.

हा बाक अगदी मागे, जिन्याखाली. पेनसिल्व्हेनियातल्या या क्वेकर पंथाच्या गावात कुणी लहान नाही, कुणी मोठं नाही. राजा आला तरी त्याला अरे-तुरेच करतील आणि डोक्यावरची टोपी काढणार नाहीत. गुलामांच्या घामाची साखर नको म्हणून सगळं गाव कडू चहा पितं. गुलामगिरीविरुद्धचा अर्ज गेल्या हिवाळ्यातच वॉशिंग्टनला गेला, त्यावर सभाप्रमुख एनोस हॅलोवेची सही सगळ्यांत वर. फक्त काळ्या माणसांनी जिन्याखाली बसायचं, एवढंच. केतुरा तिथे बावीस वर्षं बसत होती. तिथून पायऱ्यांची खालची बाजू तेवढी दिसे.

सातही जणी एनोसच्या घरच्याच. बायको, दोन भावजया, सून आणि तीन पुतण्या.

एनोसची बहीण टेसी ओहायोत दिलेली. तिचं पत्र महिनाभर या बायकांच्या घरांतून फिरत होतं. घराण्याची रीतच ती: वाचायचं, खाली दोन ओळी लिहायच्या, पुढच्या घरी धाडायचं. टेसीने लिहिलं होतं, 'वॉशिंग्टनला अर्ज पाठवता आणि केतुराला जिन्याखाली बसवता? लाज कशी वाटत नाही? जूनच्या पहिल्या रविवारी एकीने तरी तिच्या शेजारी जाऊन बसा.' त्याखाली कुणी पावसाचं लिहिलं, कुणी बाळाच्या दातांचं. जिन्याचं नाव कुणीच काढलं नाही. त्यामुळे प्रत्येकीला वाटलं, आता आपल्यालाच जायला हवं.

"तू कशाला आलीस?" धाकटी भावजय कुजबुजली.

"तू दातांचं लिहिलं होतंस," एनोसची बायको फीबी म्हणाली. "म्हटलं, ही काही जायची नाही."

केतुरा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुझ्यासाठीच आलोय गं आम्ही," फीबी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दिसतंय. मी कुठे बसू?"

सातजणींनी एकमेकींकडे पाहिलं. उठली कुणीच नाही. एवढं धैर्य करून बसलेलं माणूस उठणार कसं?

"बावीस वर्षांत एकीला जमलं नाही," केतुरा म्हणाली. "आणि आज आलात त्या माझीच जागा घ्यायला."

ती वळली आणि सरळ पुढे चालत गेली. पुढे, सभेकडे तोंड करून, वडीलधाऱ्यांचे दोन उंच बाक होते, मध्ये हातभर वाट. वाटेच्या एका कडेला एनोस बसे, दुसऱ्या कडेला फीबी. फीबीची जागा रिकामी होती. केतुरा तिथे बसली.

एनोसने मान न वळवता विचारलं, "केतुरा, इथे बसायची तुला आतून प्रेरणा झाली का?"

"नाही. तुझी बायको माझ्या जागेवर बसलीय."

मग सभा सुरू झाली, म्हणजे सगळे गप्प बसले. ज्याला देव सुचवेल त्याने उठून बोलायचं. त्या दिवशी देवाने कुणालाच काही सुचवलं नाही.

सभा संपायची रीत साधी होती. तास झाला की एनोस शेजारच्या बाकाकडे हात पुढे करी, फीबीशी हस्तांदोलन करी, आणि लोक उठत. त्याआधी कुणी उठत नसे.

तास झाला. दीड झाला. बाहेर घोडे खूर आपटू लागले. एका शेतकऱ्याचं पोट इतक्या मोठ्याने वाजलं की काहींना वाटलं, त्यालाच प्रेरणा झाली. एनोसने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, थंडी वाजत असल्यासारखे. ऊन मरणाचं होतं.

दोन तास झाले. सगळं सभाघर एनोसच्या मांड्यांकडे बघत होतं.

केतुराने आपला हात बाकाच्या दांडीवर, वाटेच्या बाजूला ठेवला. मागे जिन्याखाली सातजणी माना वाकवून बसल्या होत्या. पायऱ्या डोक्याला लागत होत्या.

"सावकाश, एनोस," ती म्हणाली. "इथून सगळं दिसतंय."