राजधानीचं बटण

तपासणी तोंडावर आली म्हणून मोठ्या बाईंनी वर्गाच्या भिंतीवर देशाचा नकाशा रंगवून घेतला. डोंगर, नद्या, किनारा सगळं झकास उतरलं, पण नेमका राजधानीच्या जागी स्विचबोर्ड आला.

"बाई, राजधानी जरा सरकवू का?" पेंटरनं विचारलं.

"देश काय तुमच्या घरचा आहे?" बाई उखडल्या. मग त्यानं बोर्डावरच्या मधल्या बटणालाच लाल रंग फासला आणि राजधानी जागेवर बसवली.

तपासणीचे साहेब घामाघूम होऊन आले. "राजधानी दाखव," म्हणताच एका मुलीनं टुणकन उठून लाल बटणावर बोट ठेवलं. साहेबांनी चष्मा सावरला, वरच्या बंद पंख्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. पंखा ढिम्म. त्यांनी पुन्हा दाबलं, चांगलं खटखटवून पाहिलं.

"सर, उगाच दमू नका," मुलगी म्हणाली. "ते कितीही दाबा, काही होत नाही. त्याची वायर कशालाच जोडलेली नाही."



साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि शेरा लिहिला, "नकाशा तंतोतंत बरोबर आहे."