सहा नंबरचा माईक

आमचा कार्यक्रम लोक मध्यरात्री बघतात, पण बरबँकच्या स्टुडिओत तो संध्याकाळी पाचलाच उरकतो. प्रेक्षकांच्या डोक्यावर आठ माईक टांगलेत आणि त्यांचं हसणं साउंडच्या खोलीतून एकोणीस वर्षं मीच सांभाळतोय. त्यातल्या सहा नंबरमध्ये एक बाई विनोदाच्या आधी हसते. त्या माईकखालची खुर्ची कॅमेऱ्याच्या क्रेनसाठी कायम रिकामी असते. मी कुणाला कधी सांगितलं नाही. चांगली हसते बिचारी.

काल लॉरेटा पिकन्स आली होती. पंचवीस वर्षं बारमध्ये विनोद सांगून पहिल्यांदाच टीव्हीवर. आमच्याकडे ज्याचे विनोद रंगले त्याला सूत्रधार गप्पांना सोफ्यावर बोलावतो. बाकीच्यांना दुरूनच टाळ्या.

चौथ्या मिनिटाला लॉरेटा अडकली. पुढचं आठवेना.

तेवढ्यात सहा नंबरमध्ये ती बाई खळखळून हसली आणि माझा जीव भांड्यात पडला. पुढच्याच क्षणी लॉरेटा बोलली. लोकांनी स्टुडिओ डोक्यावर घेतला. सूत्रधार स्वतः उठून तिला सोफ्याकडे घेऊन गेला.

सगळे गेल्यावर लॉरेटा माझ्या खोलीत आली.

"ती बाई कुठंय रे? ती हसली म्हणून आठवलं मला. मिठी मारायचीय तिला."

"तुला ऐकू आली?"

"म्हणजे काय!"

टेबलावर ठेवलेला हेडफोन खुदखुदला. मग ती बाई इतकी हसायला लागली की आम्हालाही आवरेना. डोळे पुसत, पोट धरून आम्ही हसत सुटलो.

विनोद अजून कुणी सांगितलाच नव्हता.